पहाटेची बाटली, दुपारची बाटली

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पाणथळ दिनाचा कार्यक्रम आखायचं काम आमच्या गटात माझ्याकडे असतं. 2 फेब्रुवारी ही तारीख बदलता येत नाही, कारण 1971 साली इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांचा करार त्याच दिवशी झाला. बाकी सगळं बदलतं. दहावी-बारावीची मुलं परीक्षेमुळे मिळत नाहीत, म्हणून सातवी-आठवीचे वर्ग धरायचे. माइकची परवानगी वेगळी, बागेत मंडप घालायची वेगळी. मुली येणार असतील तर स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूपबंद, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं. आणि वेळ ठरते ती पाहुण्यांच्या सोयीने. या शेवटच्या गोष्टीपायी यंदा जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

प्रयोग होता पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा. मीटरने तो अर्ध्या मिनिटात कळतो, पण मीटरवर मुलांना फक्त आकडा दिसतो. म्हणून मी दरवेळी हट्टाने विंकलरची जुनी पद्धत ठेवते. काचेच्या बुचाची 300 मिलीची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढरा राहतो. इथे मुलं पुढे सरकतात. त्यानंतर आम्ही मोठी माणसं हातमोजे घालून गंधकाम्ल टाकतो, तपकिरी विरघळून पिवळं होतं, स्टार्च घातला की गडद निळं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, थायोसल्फेट थेंब थेंब सोडत निळा रंग घालवायचा. थायोसल्फेटची तीव्रता 0.025 नॉर्मल ठेवून 201 मिली नमुना घेतला, तर लागलेला प्रत्येक मिली म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. आठवीच्या मुलाला गुणाकारही करावा लागत नाही. ही मांडणी आमच्या गटातल्या निवृत्त रसायनशास्त्राच्या सरांची, आणि ती इतकी चोख आहे की मला तिचा अभिमान वाटतो.

कार्यक्रम आठला होता. पाहुणे आले पावणेबाराला. मुलं उन्हात बसली, पोहे संपले, दोन शाळा निघून गेल्या. पाहुण्यांच्या हस्ते नमुना घ्यायचा असल्यामुळे बाटली भरली ती बाराच्या सुमारास.

ज्याला तळ्याची सवय आहे त्याला पुढचं कळलं असेल. श्याम सोसायटीच्या बाजूने वर्षानुवर्षं सांडपाणी आलेलं. त्यातल्या फॉस्फेट-नायट्रेटवर निळं-हिरवं शेवाळ पोसतं आणि पाण्याला हिरवट दाटपणा येतो. लख्ख उन्हात हे शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं. त्या तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आमचा आकडा आठाच्या वर गेला. पाहुण्यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की रंकाळा पूर्ण निरोगी आहे, आकडा मुलांनीच काढलाय. टाळ्या झाल्या.

सर शांतपणे टेबलाखालून एक खोकं घेऊन आले. त्यांनी सहा वाजता, अंधारातच, त्याच पायरीवरून एक बाटली भरून रसायनं घालून ठेवली होती. तेवढं केलं की त्या घडीचा ऑक्सिजन साक्यात बांधला जातो आणि अंधारात ठेवलं तर काही तास हलत नाही. दुपारच्या नमुन्याची जोडबाटली त्यांनी शेजारी ठेवली. तिच्यात दाट तपकिरी साका, आणि पहाटेच्या बाटलीत जेमतेम पिवळसर. टायट्रेशनला, म्हणजे थायोसल्फेट थेंब थेंब सोडताना, तीन मिलीच्या आत निळा रंग उडाला. माशांसाठी निदान चार लागतात.

रात्री ऊन नसतं, पण शेवाळाचा श्वास चालूच असतो आणि तळाचा गाळही ऑक्सिजन खात असतो. दुपारी आठाच्या वर गेलेला आकडा हे त्याच आजाराचं दुसरं लक्षण. पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारी पीएचची पट्टीही नवाच्या पुढचा, म्हणजे चांगलाच अल्कलीचा रंग दाखवत होती, आणि तेही शेवाळाचंच काम. हे मी सांगायला लागले तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "मॅडम, लोकांना गोंधळात टाकू नका. एकच आकडा सांगा."

मागे गळ टाकून बसणारे एक मामा उभे होते. ते म्हणाले, "पहाटं या की बघायला. मासं वर येऊन तोंडं उघडत्यात. ऊन पडलं की जात्यात खाली." आमच्या अख्ख्या मंडपात एवढं स्वच्छ कोणी बोललं नाही. त्यांना माइक द्यायला हवा होता असं मी आयोजकांच्या बैठकीत म्हटलं, तर उत्तर आलं की कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. अशा उत्तरांनी मला खरोखर राग येतो.

आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, वहीत दोन्हीची सरासरी लिहू?" मी नाही म्हटलं. मासा मरतो तो पहाटे पाचच्या ऑक्सिजनवर, त्याला दुपारची शिल्लक उपयोगी पडत नाही. तिने दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र एकच आला, दुपारचा, आणि वेळ न लिहिता.

तेव्हापासून गटात वाद चालू आहे. सरांचं म्हणणं, कार्यक्रमच पहाटे सहाला घ्या, दहा माणसं आली तरी चालतील. खजिनदार म्हणतात, मग शाळा येणार नाहीत, पालक मुलींना अंधारात तळ्यावर पाठवणार नाहीत, आणि ज्यांना आधीच पटलंय तीच माणसं येतील. दोघांचंही बरोबर आहे. मी सध्या असा आराखडा केलाय: तळ्याकाठच्या गल्लीतली चार-पाच मुलं आईवडिलांसोबत पहाटे येऊन बाटल्या भरतील, सर त्या बांधून ठेवतील, आणि दहा वाजता, पाहुणे येवोत न येवोत, हीच मुलं मंडपात दोन्ही बाटल्या दाखवून बोलतील. भाषणं त्यानंतर. मामांचं नाव या वेळी पत्रिकेत छापायचं आहे. ते हो म्हणालेत, पण गळ गुंडाळून झाल्यावरच येणार.