तुम्ही विचारलंत म्हणून : शनिवारचे भूत आणि रविवारची मिस्सा

आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी गेली सव्वीस वर्षे कीबोर्ड वाजवते आणि शनिवारी रात्री घरातली मंडळी झोपली, की जुने, स्वस्तातले भयपट पाहते. यांतली कोणतीच गोष्ट मी कधी लपवलेली नाही. त्यामुळे सरावाला येणारी मुले, त्यांच्या आया आणि एकदा तर नव्याने बदलून आलेले फादरसुद्धा मला एकच प्रश्न विचारून गेले आहेत : रबरी मुखवट्यांची ही भुते रात्री पाहून सकाळी सातच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तुम्ही स्तोत्र वाजवता तरी कशा, आणि श्रद्धा असलेल्या माणसाने असले काही पाहावेच कशाला? चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

आधी शब्दाविषयी. अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत पडली. पहिला मोठ्या नटनट्यांचा असे आणि दुसरा थोडक्या पैशांत, थोडक्या दिवसांत उरकलेला. त्या दुसऱ्याला बी-मूव्ही म्हणू लागले. त्याच दशकात तेथील कॅथलिकांनी ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संस्था काढून चित्रपटांना ए, बी आणि सी अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि त्या यादीत बी म्हणजे अंशतः आक्षेपार्ह. या दोन ‘बीं’चे एकमेकांशी नाते नाही, पण मला आवडणाऱ्या अनेक चित्रपटांना दोन्ही शिक्के शोभले असते.

मला हा नाद वसईतच लागला. ऐंशीच्या दशकात वाडीतली चार-पाच घरे वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणत आणि भाडे वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहत. अशाच एका रात्री रामसे बंधूंचा १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’ लागला. सामरी नावाच्या सैतानाचे शीर धडावेगळे करून एका पेटीत बंद केलेले आहे, धड जुन्या मंदिराच्या मागे पुरलेले आहे आणि शीर धडाला मिळाले की तो उठणार आहे, अशी ती कथा. आम्ही मुले एकमेकांना बिलगून बसलो होतो. आजी मागे भिंतीला टेकून रोजरी करत होती, आणि तिचे लक्ष जपमाळेवर आहे अशी आमची समजूत होती. मध्येच तिने विचारले, “पुरताना कोणी प्रार्थना म्हटली का त्याच्यासाठी?” मी म्हटले, “आजी, सैतान आहे तो.” ती म्हणाली, “असू दे. माती दिली ना? मग दोन शब्द म्हणायला काय झालं होतं?” आणि तिने पुढचा मणी धरला. चित्रपटाकडे पाहण्याची एक वेगळी जागा असते, हे मला त्या रात्री कळले. ती जागा आजीची होती आणि पुढे मी ती बळकावली.

आता मुख्य मुद्दा. या चित्रपटांना लोक हसतात ते त्यांतल्या दरिद्री सामानसुमानाला. एड वुड या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये उडत्या तबकड्या दोरीला टांगलेल्या आहेत हे लपत नाही आणि दफनभूमीतला दगड माणसाच्या धक्क्याने डुलतो. १९८० साली निघालेल्या एका पुस्तकात वाचकांच्या कौलाने त्याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्यात आले. मीही हसते. पण नाताळच्या आधी आमच्या अंगणात मुले येशूजन्माच्या देखाव्याचा जो गोठा बांधतात, त्यातला डोंगर सिमेंटच्या कागदी पिशव्यांचा असतो, तळे म्हणजे कपाटाचा फुटका आरसा असतो आणि तीन राजांपैकी एकाचा उंट गेली कित्येक वर्षे एक पाय म्हणून काडेपेटीची काडी लावून उभा आहे. त्या गोठ्यापुढे उभे राहून “हे तळे नव्हे, आरसा आहे” असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. मेण, तेल, पाणी, राख, झावळी अशा हलक्याफुलक्या वस्तूंवर मोठा भार टाकायची आम्हा कॅथलिकांना लहानपणापासून सवय असते, आणि त्या सवयीच्या डोळ्यांना तबकडीची दोरी दिसूनही खुपत नाही. (ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत अर्पण होणाऱ्या भाकरी-द्राक्षारसाची, तुलना मी येथे करत नाही, तो देखावा नाही, आणि तेवढा भेद आमच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातल्या मुलांनाही कळतो.)

याच ‘प्लॅन नाईन’ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याला पैसा पुरवला तो बॅप्टिस्ट पंथाच्या भाविकांनी, आणि त्या बदल्यात वुड आणि त्याच्या काही नटांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. मूळ नावात थडगी लुटणाऱ्यांचा उल्लेख होता, तोही त्या मंडळींना रुचला नाही म्हणून बदलला गेला. श्रद्धा आणि असले चित्रपट यांची गाठ मी मारलेली नाही. ती आधीपासूनच पडलेली आहे.

मात्र सवयीचा डोळा आंधळा नसावा. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९५८ सालच्या ‘ड्रॅक्युला’चा शेवट मला तोंडपाठ आहे : रक्तपिपासू ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला पीटर कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढतो, उन्हाचा झोत आत येतो, मग तो दोन मेणबत्तीदाण्या उचलून एकमेकींवर आडव्या धरतो आणि त्या क्रुसापुढे ड्रॅक्युला मागे सरकत उन्हात सापडून राख होतो. लहानपणी या प्रसंगाला मी टाळ्या वाजवल्या आहेत. आज पाहताना मी जरा अडखळते, कारण तिथे क्रूस विजेच्या बटणासारखा चालतो. दाबणाऱ्याच्या मनात काय आहे, याची त्याला फिकीर नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील २१११ व्या परिच्छेदात नेमके हेच सांगितले आहे, की अंतःकरणाची तयारी नसताना प्रार्थनेच्या किंवा पवित्र चिन्हाच्या केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटवणे म्हणजे अंधश्रद्धेत पडणे. पण मी हॉलिवूडला किंवा लंडनला कोणत्या तोंडाने बोलू? माझी आई झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आणलेला झावळीचा क्रूस दारावर खोचला, की त्या दाराला रात्री कडी घालायची विसरून जात असे आणि वडील उठून कडी घालताना म्हणत, “चोराने धर्मशिक्षण घेतलेलं नसतं, बाई.”

ज्या चित्रपटासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला, तो ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. वर्ष १९६२. हर्क हार्वी हा कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या कंपनीत दिग्दर्शक होता. युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी ओस पडलेला सॉल्टेअरचा जुना करमणूक-मंडप त्याच्या दृष्टीस पडला आणि त्यावरून त्याने सुमारे ३३,००० डॉलरमध्ये आपला एकुलता एक कथापट केला. त्यातले पांढऱ्या चेहऱ्याचे भूतही तोच झाला. मेरी नावाची तरुणी मोटारीसह पुलावरून नदीत पडते, बऱ्याच वेळाने चिखलाने माखलेली एकटीच बाहेर येते आणि काही झालेच नाही अशा थाटात युटातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याच्या नोकरीवर रुजू होते. ज्यांना शेवट कळून घ्यायचा नसेल त्यांनी हा परिच्छेद येथेच सोडावा, कारण शेवटी ती मोटार नदीतून ओढून काढतात तेव्हा मेरीचे प्रेत आतच असते.

ती मेली आहे हे तिला ठाऊक नाही, एवढीच जर गोष्ट असती तर मी तो एकदाच पाहिला असता. मी तो सात-आठ वेळा पाहिला, तो ऑर्गनच्या कारखान्यातला एक म्हातारा तिला जे सांगतो त्यासाठी. वाजवण्यात थोडा जीव ओत, अशा अर्थाचे तो बोलतो, आणि तिच्या लेखी चर्च ही पगार मिळण्याची जागा आहे, त्यापलीकडे काही नाही. पुढे एका संध्याकाळी ती रिकाम्या चर्चमध्ये सराव करत बसते. सुरुवातीला सूर सरळ असतात. मग बोटे हळूहळू तिच्या ताब्यातून निसटतात, जत्रेतल्या पाळण्याचे असावे तसे वेडेवाकडे संगीत उमटू लागते, डोळे ताठ होतात, आणि पाद्री धावत येऊन तिच्या हातांवर हात ठेवून ते थांबवतो. हे काय वाजवतेस, तुला काही आदर आहे की नाही, असे विचारून तो तिला राजीनामा द्यायला सांगतो. चर्च कॅथलिक नाही, पण म्हणून मला सुटका मिळत नाही. सव्वीस वर्षांत किती रविवार मी अर्पणगीत वाजवताना घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी आहे का, याचा विचार केला आहे, हे मलाच माहीत. सूर चुकला नाही, ताल सुटला नाही, लोक गातही होते. मी मात्र तिथे नव्हते. मेरी दुकानात कपडे घालून पाहत असताना अचानक जगाचा आवाज बंद होतो आणि विक्रेत्या बाईला ती दिसेनाशी होते, तो प्रसंग मला भुतांपेक्षा जास्त घाबरवतो. एका उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेले तेव्हा हीच गोष्ट बोलले आणि ती सुचली कुठून हेही सांगितले. जाळीपलीकडचे फादर क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी चित्रपटाचे नाव पुन्हा विचारले.

झाँबींविषयी, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांविषयीही, विचारतात, कारण देहाच्या पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे आणि झाँबी म्हणजे त्याचे विडंबनच. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये बहीण-भाऊ वडिलांच्या कबरीवर पुष्पचक्र ठेवायला येतात, बहीण गुडघे टेकते आणि भाऊ कंटाळून म्हणतो की प्रार्थना करायची ती चर्चमध्ये. त्यानंतर काही मिनिटांत पहिले प्रेत चालत येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू, आपण भूत नाही हे शिष्यांना पटावे म्हणून, भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. रोमेरोचे मेलेले लोक उठून माणसेच खातात. (पडद्यावरचे ते रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत होते.) पण मला चटका लावतो तो शेवट : रात्रभर तग धरून राहिलेल्या नायकाला, बेनला, चालते प्रेत समजून गोळी घातली जाते आणि मांस उचलायच्या आकड्यांनी ओढत त्याला चितेवर टाकले जाते. मृतांना मूठमाती देणे हे आमच्याकडे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले जाते. त्या चित्रपटात दूरचित्रवाणीवरचा तज्ज्ञ लोकांना सांगतो की अंत्यविधी वगैरे विसरा, प्रेते बाहेर ओढा आणि जाळा. आजी तेव्हा हयात असती तर तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला असता.

मी सगळेच पाहते असे नाही. बाईचे हाल हीच ज्यांची करमणूक आहे, ते चित्रपट मी अर्ध्यात बंद केले आहेत. रामसेंच्या चित्रपटांतली न्हाणीघरातली दृश्ये पुढे पळवते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आणि धास्ती वाटणाऱ्या आयांसाठी एवढेच, की सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, तिच्यात ‘नोस्फेराटू’ हा रक्तपिपासूचा मूकपट आहे.

राहिला बेला लुगोसी. रोमन कॅथलिक घरात जन्मलेला हा हंगेरियन नट १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’ने जगभर गाजला, पुढे मॉर्फिनच्या व्यसनात बुडाला, १९५५ साली स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले, आणि ते कॅलिफोर्नियातल्या ‘होली क्रॉस’ या कॅथलिक दफनभूमीत. ज्याला पडद्यावर जन्मभर क्रुसाचे वावडे होते, तो क्रुसाच्या नावाच्या मातीत निजला आहे. वुडने त्याचे आधी टिपलेले थोडेसे चित्रण ‘प्लॅन नाईन’मध्ये वापरले. त्यात एक म्हातारा काळ्या कपड्यांत घराबाहेर येतो, दारापुढचे एक फूल तोडतो, त्याचा वास घेतो आणि चालत चित्राच्या चौकटीबाहेर जातो. उरलेल्या चित्रपटात वुडच्या बायकोचा मणके बसवणारा उपचारकर्ता तोंडापुढे झगा धरून लुगोसी म्हणून वावरतो. ते फूल मी कितीदा पाहिले आहे, मोजलेले नाही.

नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांचा महिना. घरातल्या गेलेल्या माणसांची नावे कागदावर लिहून पाकिटात घालून चर्चमध्ये द्यायची असतात. काही वर्षांपासून आजी, आई आणि वडील यांच्याखाली मी ‘बेला’ असेही लिहिते. गेल्या वर्षी धीर करून आडनावासकट लिहिले. पाकिटे घेणाऱ्या बाईंनी यादी वाचून विचारले, “ही बेला कोण गं? तुझ्या माहेरची का?” मी म्हटले, “बाप्या माणूस आहे. लांबचा.” रविवारी मिस्सेत नावे वाचली गेली तेव्हा मी कीबोर्डशी होते. डाबरे, लोपीस, तुस्कानो अशी नावे येत गेली, मग वाचणारा मुलगा एका ठिकाणी अडला, त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि ठामपणे वाचले : “बेला लोबो.” चर्चभर लोक त्याच्यासाठी “प्रभू, आमची प्रार्थना ऐक” म्हणाले आणि मी सूर दिला.