आनंद मेळाव्यातल्या भरीत-पुरीचा भाव

शाळेच्या आनंद मेळाव्याची बैठक म्हटली की सगळे पदार्थांवरच बोलतात. भावाचा विषय आदल्या संध्याकाळी निघतो आणि "लेकरंच तर आहेत, ठेवा तीस" म्हणून मिटतो. यंदा वाचनालयाच्या कपाटांसाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून मी वही घेऊनच बसले.

आमच्या गटाकडे भरीत-पुरी. खानदेशातल्या आमच्या अमळनेरात डिसेंबरात दुसरं सुचणार तरी काय! वांगी मात्र भरताचीच हवीत, मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची. (जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बाजारात त्याचेही पैसे लावतात की काय, असं कधी कधी वाटतं.) एका पालकांनी शेतातली वीस किलो वांगी पाठवली आणि लगेच सूर निघाला: वांगी फुकट, मग भाव उतरवा. मी अडून बसले. त्यांनी वांगी शाळेला दिली, खाणाऱ्याला नाही. पुढच्या वर्षी विकत घ्यावी लागली तर भाव एकदम कसा चढवणार? चाळीसच्या दराने ८०० रुपये मी वहीत लिहिलेच.

मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे ९००. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुऱ्यांचं पीठ ४५०. तेल आणि गॅस १२००. द्रोण-पत्रावळ्या १५०. झाले ३५००. वीस किलो वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजून, सोलली की चौदाएक किलो गर हाती लागतो. बडगीत (लाकडी उखळीत) ठेचताना दाणे, पात पडून थोडं वाढतं. दीडशे ग्रॅमचं एक भरीत आणि चार पुऱ्या धरल्या तर शंभर प्लेटा, म्हणजे प्लेटीमागे ३५ खर्च.

कुणी ४५ म्हणालं. पण पाच-पाचची नाणी आणणार कुठून? आणि शंभर प्लेटांवर हजारात कपाट काय येणार! ६० ठेवले. पहिल्याच आजीबाईंनी विचारलं, "काय वं माय, भरीतना साठ रुप्या?" म्हटलं, "आजी, कपाटना पैसा बी त्यामाच शेतस." त्यांनी पैसे काढले, वर कांद्याची पात जास्तीची मागून घेतली.

लेकरांच्या खिशात साठ नसतात हे खरंच. त्यांच्यासाठी भरताच्याच निखाऱ्यावर बिबड्या (ज्वारीचे पापड) भाजल्या, कच्चं तेल आणि तिखट लावून दहाला एक. बिबड्या उन्हाळ्यात केलेल्या, घरोघरून आलेल्या. त्यांचेही एकीमागे चार रुपये धरलेच. रांग तिथेच जास्त होती.

शेवटच्या अर्ध्या तासात शेजारच्या स्टॉलने पाणीपुरी निम्म्यावर आणली. आमच्याकडेही तगादा सुरू झाला. मी भाव उतरवला नाही. एकदा उतरवला की पुढच्या वर्षी अर्धं गाव पाच वाजेपर्यंत थांबून बसेल. उरलेल्या नऊ प्लेटा आवरायला थांबलेल्या शिपाईदादांना आणि मंडपवाल्या पोरांना दिल्या. त्या वहीत 'शाळेकडून' म्हणून लिहिल्यात, ३५ रुपये दरानेच.