आयव्हीएफच्या आधी नवऱ्याचा रिपोर्ट

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली की ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न बाईलाच विचारतात. माझं दवाखान्यातही तेच झालं. सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी), सगळं माझंच. नवऱ्याचा एकही कागद फाइलीत नसताना एका सेंटरने थेट आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, पॅकेज पुढे केलं, तेही ईएमआयसकट! आम्ही तिथून उठलो.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी आधी नवऱ्यालाच विचारलं, "तुमची वीर्यतपासणी?" खरं तर सगळ्यांत स्वस्त आणि न दुखणारी तपासणी हीच. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. गार पडू नये म्हणून नवरा डबी शर्टाच्या आत धरून रिक्षात ताठ बसला होता. माझं हसू आवरेना. संख्या ठीक निघाली, पण शुक्राणूंची हालचाल कमी. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडून मग पुन्हा तपासलं. जरा सुधारणा होती.

माझी एचएसजी, म्हणजे गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, झाली. गर्भाशयात डाय सोडतात तेव्हा जोरात कळ येते, त्यामुळे आधी घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा. दोन्ही नळ्या मोकळ्या होत्या, म्हणूनच आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं, करण्यात अर्थ होता. दोन्ही बंद असत्या तर ते पैसे पाण्यात. शुक्राणू फारच कमी असते तर इक्सी, म्हणजे एकेका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडायचा. पस्तिशी उलटली असेल तर वर्षभर वाट न बघता सहा महिन्यांतच डॉक्टर गाठा, असंही मॅडम म्हणाल्या.

मग स्त्रीबीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या, दिवसाआड सोनोग्राफी. फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) 18-20 मिलिमीटरचं झालं की स्त्रीबीज बाहेर पडावं म्हणून ट्रिगरचं इंजेक्शन आणि साधारण 36 तासांनी आययूआय. ते पाच मिनिटांत उरकतं. पुढचे पंधरा दिवस मात्र सरता सरत नाहीत.

आययूआय लागू पडलं नाही. आता आयव्हीएफ करायचं ठरलंय, पण का करायचं ते दोघांनाही कळलंय. सेंटरची नोंदणी 2021च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली आहे का, ते पाहिलं. औषधं, भूल आणि भ्रूण गोठवण्याचा खर्च वेगळा लिहून घेतला, कारण पॅकेजमध्ये तो बहुधा धरलेला नसतो.

सासूबाईंना नवऱ्यानेच स्वतःचा रिपोर्ट दाखवला. त्या दिवसापासून माझ्यामागचे उपासतापास बंद झाले.