लाल फुलांचा घेवडा

इंग्लंडात लेस्टरला अलॉटमेंट मिळाली त्या वर्षी मी सगळ्यात आधी पावटा लावला. (अलॉटमेंट म्हणजे कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, वर्षाच्या भाड्याने देते तो भाजीपाल्यासाठीचा जमिनीचा तुकडा. माझा नंबर लागायला चार वर्षं गेली.) बी इथल्याच एका दुकानातून आणलं होतं. वेल इतका माजला की कुंपण दिसेना. मी रोज वाईला आईला फोटो पाठवायचे. सप्टेंबर संपला तरी फुलाचा पत्ता नव्हता. "अगं, पावटा थंडीतच फुलतो, जरा दम धर," आई म्हणाली. ऑक्टोबर सरता सरता चार तुरे दिसले, आणि एका रात्रीच्या हिमाने सगळा वेल काळा पडला. पावट्याचे जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. वाईला दिवस लहान होतात तेव्हाही ऊन असतं. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि दिवस आखडेपर्यंत गारठा दाराशी आलेला. तो वेल उपटताना मला रडू आलं होतं.

पुढच्या वसंतात शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी ओंजळभर बिया दिल्या. रनर बीन. पावट्यापेक्षा कितीतरी मोठ्या, जांभळ्या-गुलाबी, त्यावर काळे शिंतोडे. हा श्रावणघेवड्याचा सख्खा भाऊ, पण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगरांवरचा, म्हणून याला थंड हवा मानवते. इंग्लंडात १७व्या शतकात आला तो बागेत शोभेला म्हणून, शेंगांची चव लोकांना नंतर कळली. जुलैत वेलावर शेंदरी-लाल फुलांचे तुरे लागले की ते पटतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत माती भरून, दोन इंच खोल एकेक बी टोचते आणि खिडकीत ठेवते. श्रावणघेवडा उगवताना दोन्ही दळं डोक्यावर घेऊन वर येतो. हा दळं मातीतच ठेवतो आणि नुसता कोंब वर काढतो. हे ठाऊक नव्हतं तेव्हा बी कुजलं असं समजून मी दोन नळ्या उकरल्या होत्या. पण ही सवय मोलाची आहे: गोगलगायीने कोंब खाल्ला तरी कधी कधी खालून नवा फुटतो.

मे संपला, हिमाची भीती गेली, की रोपं बाहेर. त्या जागी हिवाळ्यातच फूटभर चर खणून भाजीची सालं, चहाचा चोथा, भिजवलेली वर्तमानपत्रं पुरलेली असतात, कारण याच्या मुळांना ओल लागते. आठ फुटी बांबूंच्या दोन ओळी तिरप्या रोवायच्या, शेंडे एकमेकांत बांधायचे, वरून एक आडवा बांबू टाकायचा. वेल बांबूवर चढताना डावीकडून की उजवीकडून हे आपण ठरवायचं नाही. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. मी एकदा घाईत उलटा गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि शेंडा हवेत लोंबत दुसरा आधार शोधत होता. आता मी फक्त बांबूला टेकवून देते.

याच्या फुलांना भुंग्यांची, बंबलबीची गरज असते. काही आखूड जिभेच्या बंबलबी फुलाच्या तोंडातून आत जात नाहीत, बुडाशी भोक पाडून मध पितात. जवळ जाऊन बघा, फुलाच्या देठापाशी बारीक तपकिरी भोक दिसतं. मला याचं वाईट वाटत नाही, बाकीच्या भुंग्यांचं काम चालूच असतं. खरा घात उन्हाने होतो. जुलै २०२२मध्ये लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला. त्या आठवड्यात माझ्या मांडवाखाली लाल फुलांचा सडा पडला होता आणि शेंग एक धरली नाही. मी रोज सकाळी बुंध्याशी दोन झाऱ्या पाणी घालत राहिले. ऑगस्टमध्ये पुन्हा बहर आला, आणि मग शेंगा थांबेनात.

शेंग वीतभर झाली की तोडायचीच. एक दिवसाआड गेलं नाही तर ती जून होते, आणि जून शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुलं कमी येतात. कोवळ्या शेंगेचेही दोर काढावे लागतात. मी तिरप्या बारीक चिरते, हिंग-मोहरीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, गोडा मसाला, किसभर गूळ, वर ओलं खोबरं. चव पावट्याची नाही. तशी असावी असं आता वाटतही नाही. सुकलेल्या दाण्यांची उसळ करायची तर रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, आणि मोठ्या आचेवर चांगले खळखळ उकळून पूर्ण शिजवा. हे दाणे कच्चे किंवा अर्धकच्चे पोटाला बाधतात.

या वर्षी वेल काढताना मुळं हाताला लागली: रताळ्यासारखी, बोटभर जाड. आपल्या मूळ डोंगरांत हा वेल वर्षानुवर्षं जगतो, तो या गड्ड्यांवर. दोन गड्डे मी कोरड्या वाळूत घालून शेडमध्ये ठेवलेत. आईने सांगितलंय, "कोंब फुटला की लगेच दाखव."