बातमी कळण्याआधीचे दिवस

गेल्या महिन्यात भाचीबरोबर तिच्या पहिल्या सोनोग्राफीला गेले होते. पडद्यावर एक काळी, लंबगोल पिशवी दिसत होती आणि तिच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी होते, ज्याच्या मध्यभागी एक ठिपका भरभर लुकलुकत होता. डॉक्टरांनी लांबी ५ मिलिमीटर आणि काळ ६ आठवडे २ दिवस असा सांगितला. बाहेर आल्यावर भाचीने बोटांवर दिवस मोजले आणि विचारले, "मावशी, सहा आठवडे कसे होतील गं? तेव्हा तर माझी पाळी चालू होती."

तिचे बरोबर होते. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती एकच तारीख बाईला नक्की ठाऊक असते. स्त्रीबीज फलित होते ते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे तो दाणा होता तीस दिवसांचा. हे गणित मी वर्गात फळ्यावर अनेक वर्षे मांडले आहे, तरी त्या दिवशी ते नव्याने मनाला लागले, कारण त्या तीस दिवसांतले निम्मे दिवस घरात कोणालाच, खुद्द तिलाही, कशाचा पत्ता नव्हता.

पहिला आठवडा प्रवासाचा. गर्भनलिकेत फलित झालेली पेशी दुभंगत दुभंगत गर्भाशयाकडे सरकते, पाचव्या दिवसापर्यंत तिची पोकळ गोळी होते आणि सहाव्या-सातव्या दिवशी ती गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागते. तिच्या बाहेरच्या पेशी जे संप्रेरक सोडतात, तेच पुढे लघवीच्या चाचणीत दुसरी रेघ उमटवते. पाळी चुकते त्याच सुमारास आत पेशींचे तीन थर पडू लागतात: वरच्यातून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यातून हाडे, स्नायू, रक्त आणि हृदय, खालच्यातून आतड्याचे व फुप्फुसांचे अस्तर.

त्यानंतर जे घडते ते मला या साऱ्या प्रवासातले सर्वांत विलक्षण वाटते. वरच्या थराचा एक पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ तयार होते आणि बाविसाव्या दिवसाच्या आसपास त्या कडा एकमेकींना चिकटू लागतात. करंजीची कड मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे दाबत न्यावी, तशी ही नळी मानेच्या जागेपासून वर आणि खाली मिटत जाते. डोक्याकडचे टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते, पाठीकडचे अठ्ठाविसाव्या. हीच मज्जानलिका, मेंदू आणि मज्जारज्जू हिच्यातूनच घडतात. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट घडतच नाहीत आणि बाळ जगत नाही. खालचे राहिले तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा दुभंगलेला राहण्याचा दोष, होतो. याच दिवसांत हृदयाची साधी नळी ठोके देऊ लागते. आम्ही पाहिलेला ठिपका तोच.

ही कड नीट मिटायला फोलेट लागते, पेशी झपाट्याने दुभंगताना नवा डीएनए घडवण्यासाठी. या जीवनसत्त्वाची कथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर येथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्यातला घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात देशांतल्या चाचणीत, आधीच्या बाळात मज्जानलिकेचा असा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचेच गोळीतले रूप, दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करायची असते. आधीच्या बाळात दोष असेल किंवा फिटची औषधे चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतात. सगळेच दोष या गोळीने टळतात असे नाही, पण बरेच टळतात. माझ्या वेळी ती मला तिसरा महिना लागल्यावर मिळाली, म्हणजे नळी मिटून दोन-अडीच आठवडे उलटल्यावर. मुलगी धडधाकट झाली, तरी ते आठवले की अजून पोटात कालवते. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बातमी बाहेर सांगत नाहीत. या रीतीला माझी हरकत नाही; मात्र गोळीने बातमीची वाट पाहू नये, एवढे प्रत्येक घरातल्या थोरल्या बाईने लग्न झालेल्या मुलीला मोकळेपणाने सांगावे, असे मला फार वाटते. भाचीला मी चार महिने आधीच सांगितले होते.

परवा नवव्या आठवड्याची तपासणी झाली. दाणा आता २३ मिलिमीटरचा आहे. हातांच्या जागी दोन आखूड कोंब दिसले, आणि आम्ही बघत असतानाच त्यातला एक हलला. बोटांमधले पडदे सध्या विरत असतील. आठवड्याभरात ती सुटी होतील.