साधे आभारसुद्धा

रविवार, रात्री साडेदहा

काल दोनपर्यंत जागून ‘झेड फॉर झकराया’ संपवलं. रॉबर्ट सी. ओब्रायनची १९७४ची कादंबरी. लेखक आदल्या वर्षीच गेला होता. शेवटचा भाग त्याच्या टिपणांवरून बायकोनं आणि मुलीनं पुरा केला.

अणुयुद्धात सगळं संपलंय. अमेरिकेतल्या एका दरीत अ‍ॅन बर्डन, सोळाला टेकलेली, एकटी उरलीय आणि वहीत रोजचं लिहून ठेवतेय. म्हणजे मी रोजनिशीत रोजनिशीबद्दलच लिहितेय. असो.

एक दिवस किरणोत्सर्ग अडवणारा पोशाख घालून लूमिस येतो. दरीत पाणी दोन ठिकाणचं: एक तिथल्याच झऱ्याचं, चांगलं; दुसरा ओढा बाहेरून येणारा, त्यात काही जगत नाही. हा नेमका त्या दुसऱ्यात अंघोळीला उतरतो आणि अ‍ॅन लपून बघत राहते. अनोळखी पुरुष, हाक मारायची छाती होत नाही. इथं मी पुस्तक उपडं ठेवून पाणी पिऊन आले.

मग तो आजारी पडतो आणि ही त्याचं सगळं करते. तापात तो बरळतो, त्यावरून कळतं की त्या पोशाखापायी त्यानं सहकाऱ्याला गोळी घातलीय. तरी करते. बरा झाल्यावर तो आधी शेतात काय पेरायचं ते सांगायला लागतो, मग एका रात्री तिच्या खोलीत शिरतो.

शेवटी तोच पोशाख घेऊन ती दरी सोडते. तो बंदूक घेऊन समोर. आणि ती म्हणते काय, तर मी तुझं आजारपण काढलं, तू साधे आभारसुद्धा मानले नाहीस. वर स्वतःच वहीत लिहिते, शेवटचं बोलले तेही पोरकटच.

पोरकट? आमच्या आत्यानं आजोबांचं तीन वर्षं अंथरुणातलं केलं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वड्यांचं पीठ भिजवताना एकदम म्हणाली, “एकदा ‘केलंस गं बाई’ म्हणाले असते तर काय गेलं असतं त्यांचं?” लगेच पिठाच्या हातानंच पदर सावरला. “जाऊ दे, मी तरी काय बोलते!” तेव्हा ती पन्नाशीची होती, आणि ऐकायला आजोबा नव्हते.

पुस्तकातल्या फारो कुत्र्याचं जे झालं त्यावर आज लिहिणार नाही.

लूमिस आभार मानत नाहीच. पश्चिमेला लांबवर पक्षी घिरट्या घालताना दिसले होते, एवढं मात्र मागून ओरडून सांगतो.