नाउरूची वही: पदकांचा रकाना काढून टाकला

मंडळी, नाउरूची वही एकदाची १९९० च्या ऑकलंडपासून २०२२ च्या बर्मिंगहॅमपर्यंत भरून झाली. मध्ये बराच काळ ती मँचेस्टरवर अडून बसली होती. त्याचं कारण सांगण्यासाठीच हा अहवाल. शिवाय इथे निदान चार-पाच जण अशाच वह्या घेऊन बसलेत, कुणी टोंगाची, कुणी सामोआची. त्यांना पुढे तीच अडचण येणार आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटदेशांचे वेटलिफ्टर राष्ट्रकुल आणि ऑलिंपिकमध्ये काय करून गेले, याच्या नोंदी मी ठेवतो. एक देश, एक लांब वही. सुरुवात नाउरूपासून केली, कारण क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढा देश. त्या लोकांचं खरं वेड ऑस्ट्रेलियन फुटबॉल, पण जगाच्या निकालपत्रकांत त्यांचं नाव येतं ते बारबेलमुळे. आणि देश एवढा लहान असला की सगळी वही एका माणसाला पूर्ण करता येते. भारताची वही घेतली असती तर मी १९९० मध्येच म्हातारा झालो असतो.

तर मँचेस्टर. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाउरूच्या नावावर पंधरा पदकं आहेत: २ सुवर्ण, ५ रौप्य, ८ कांस्य. हा आकडा पाहिला की कुणीही चक्रावतो. त्यापुढच्या स्पर्धांत तोच देश एकदोन पदकांवर येतो. एवढी पडझड झाली तरी काय? ज्या खनिजावर देश जगत होता ते फॉस्फेट संपलं, पैसा संपला, खेळही बुडाला, अशी एक तयार गोष्ट लोक लगेच सांगतात. फॉस्फेटचं दिवाळं खरंच निघालं, ते नाकारायचं कारण नाही. पण पंधरावरून एकदोनवर येण्यामागे मोठा वाटा आहे नियमाचा.

१९९० ते २००२ या चार राष्ट्रकुल स्पर्धांत वेटलिफ्टिंगच्या प्रत्येक वजनगटात तीन वेगळी पदकं होती. स्नॅचचं (बार एका दमात डोक्यावर) एक, क्लीन अँड जर्कचं (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) एक आणि टोटलचं (दोन्हींतल्या सर्वोत्तम लिफ्टची बेरीज) एक. एकच माणूस एका संध्याकाळी गळ्यात तीन सुवर्ण घालून घरी जायचा. २००६ च्या मेलबर्नपासून फक्त टोटलला पदक. ऑलिंपिकमध्ये हेच आधीपासून होतं.

आता हे लावून बघा. मार्कस स्टीफनच्या नावावर राष्ट्रकुलची सात सुवर्ण आणि पाच रौप्य, एकूण बारा पदकं. १९९० ला ऑकलंडमध्ये ६० किलो गटात स्नॅचचं सुवर्ण, आणि नाउरूचं या स्पर्धेतलं सुवर्णाचं खातं तिथेच उघडलं. पुढे १९९४ ला व्हिक्टोरियात तीन, १९९८ ला क्वालालंपूरला तीन. गडी मोठाच, त्यात वाद नाही. १९९९ ला अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत ६२ किलोमध्ये रौप्यही घेऊन आला. पण तो राष्ट्रकुलला एकूण चार वेळा उतरला. म्हणजे आजच्या नियमाने त्याच्या बारा पदकांची जास्तीत जास्त चार झाली असती.

रियाना सॉलोमनचंही तसंच. महिलांचं वेटलिफ्टिंग राष्ट्रकुलमध्ये आलं तेच मुळी २००२ ला, आणि पहिल्याच फटक्यात तिने सर्वांत वजनदार गटात क्लीन अँड जर्क आणि टोटलची दोन सुवर्ण आणि स्नॅचचं कांस्य मिळवलं. मँचेस्टरमधली नाउरूची दोन्ही सुवर्ण तिचीच. राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकणारी नाउरूची पहिली महिला. २०२२ मध्ये कोविडच्या साथीत ती गेली. तिच्या पानावर मी तीन पदकं लिहिली होती, आता तिथे सहा लिफ्ट आणि एक टोटल असेल.

यावर कुणी म्हणेल, भारताला हा नियम लागत नव्हता का? लागत होता की. मँचेस्टरच्या आपल्या ६९ पदकांचं आपण अजून कौतुक करतो. त्यातही असे तिप्पट मोजलेले वेटलिफ्टर आहेत. कुंजराणी देवीची ४८ किलोतली तीन सुवर्ण त्यातलीच. फरक एवढाच की ६९ मध्ये ते झाकलं जातं, पंधरात झाकलं जात नाही.

म्हणून वहीतला पदकांचा रकाना मी काढून टाकला. त्या जागी आता प्रत्येक खेळाडूच्या सहा लिफ्टसाठी सहा खणं: स्नॅचचे तीन, क्लीन अँड जर्कचे तीन. यशस्वी लिफ्ट निळ्या शाईने, नो लिफ्ट लाल. पदक मिळालं असेल तर नावाशेजारी टिंब, बस. पान भरायला वेळ लागतो, पण एकदा भरलं की स्पर्धा डोळ्यांसमोर उभी राहते. ओपनरला, म्हणजे पहिल्या प्रयत्नाला, जपून सुरुवात केली का, दुसऱ्यात उडी मारली का, तिसरा प्रयत्न पदकासाठी होता की स्वतःच्या विक्रमासाठी, सगळं दिसतं. आणि ‘दरडोई पदकं’ नावाच्या त्या तक्त्यांपासून एकदाची सुटका होते. बारा हजारांच्या देशाला कोणत्याही आकड्याने भागलं की तो पहिला येतोच. त्यात खेळ कुठे आहे?

तपासणीसाठी उपयोगी पडणारी एक युक्ती इथे लिहून ठेवतो. २००५ पर्यंत बारवरचं वजन अडीच किलोच्या पटीत वाढायचं, विक्रमाचा प्रयत्न सोडून. एक किलोने वाढवायची मुभा त्या वर्षीपासून आली. त्यामुळे १९९० ते २००२ च्या कुठल्याही पत्रकात १०७.५, ११०, ११२.५ असे आकडे दिसायला हवेत. कुठे ‘११३’ दिसला तर तो नक्कल करणाऱ्याने अर्धा किलो गोल केलेला आहे असं धरा आणि दुसरं पत्रक शोधा. जुन्या वृत्तपत्रांच्या कात्रणांत असे गोल केलेले आकडे ढिगाने सापडतात. छापणाऱ्याला दशांश चिन्हाचा कंटाळा, दुसरं काय.

बरोबरीचंही तसंच. दोघांची टोटल सारखी झाली तर पूर्वी अंगाने हलका असलेला वरचा ठरायचा. २०१७ पासून जो आधी त्या टोटलला पोचला तो वरचा. म्हणून जुन्या पानांवर शरीराचं वजन लिहिणं भाग आहे, नव्या पानांवर प्रयत्नांचा क्रम.

वजनगटांनी मात्र डोकं उठवलं. स्टीफनचंच बघा. ऑकलंडला तो ६० किलो गटात. १९९३ ला गट बदलले, म्हणून व्हिक्टोरियाला ५९. १९९८ ला पुन्हा बदलले, म्हणून क्वालालंपूरला ६२. माणूस तोच, खेळ तोच, पण ‘६० किलोमधला नाउरूचा विक्रम’ म्हणून काही लिहायला जावं तर ते पान तिथेच गोठतं. पुढे २०१८ च्या अखेरीस ६१ आला, आणि जून २०२५ पासून जागतिक महासंघाने पुरुषांचा सर्वांत हलका गट केला ६०. फिरून भोपळे चौकात.

तुलनेसाठी सिंक्लेअर गुणक वापरतोय. शरीराचं वजन लक्षात घेऊन टोटल एका मापावर आणणारं सूत्र, दर ऑलिंपिकनंतर त्यातले स्थिरांक बदलतात. मी सगळ्यांना एकाच संचाने मोजतो, नाहीतर १९९० च्या माणसाला एक काटा आणि २०२२ च्या माणसाला दुसरा असं होतं. एका ठरावीक वजनाच्या वर गुणक १ राहतो, त्यामुळे नाउरूच्या इट्टे डेटेनामोसारख्या अगडबंब गड्याची टोटल हेच जवळजवळ त्याचं सिंक्लेअर. त्याचं पान भरायला म्हणून सर्वांत सोपं. आणि सर्वांत मजेदारही. दिल्लीला २०१० मध्ये १०५ किलोवरील गटात ऑस्ट्रेलियाचा डेमन केली पहिला, त्याच्यामागे डेटेनामो आणि कॅनडाचा जॉर्ज कोबालाड्झे. चार वर्षांनी ग्लासगोला तेच तिघे, पण कोबालाड्झे पहिला, डेटेनामो दुसरा, केली तिसरा. अशा वेळी शेजारी शेजारी दोन पानं उघडून खणाला खण लावून बघायचं सुख ज्याला कळतं तोच या छंदात टिकतो.

दिल्लीचं आणखी एक पान आपल्याला जवळचं. ७७ किलोमध्ये नाउरूच्या युकिओ पीटरने सुवर्ण घेतलं, आणि त्याच व्यासपीठावर कांस्य घेऊन उभा होता आपला सुधीर कुमार. आपल्या वाहिन्यांना सुधीर कुमार दिसला, हे बरोबरच आहे. पण मधल्या पायरीवरचा माणूस कुठल्या देशाचा, हे तेव्हा किती जणांनी नकाशात शोधलं असेल?

कुणाचं पान कुठल्या वहीत?

हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, पण तात्पुरता निर्णय घेतलाय. स्टीफन १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला सामोआकडून उतरला, कारण नाउरूची ऑलिंपिक समिती तेव्हा नव्हतीच. आंतरराष्ट्रीय समितीने नाउरूला १९९४ ला घेतलं. मग १९९६ ला अटलांटात नाउरूचं पहिलं ऑलिंपिक पथक उतरलं. तीन जण, तिघेही वेटलिफ्टर. म्हणजे देशाचा सर्वांत मोठा खेळाडू पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली. पुढे हाच माणूस २००७ ते २०११ नाउरूचा राष्ट्राध्यक्ष होता.

उलट दिशेचं उदाहरण कॅरिस्मा आमोए-टॅरंटचं. २०१८ ला गोल्ड कोस्टला ९० किलोवरील गटात तिने नाउरूसाठी रौप्य घेतलं. न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड दुखापतीने बाहेर पडली, सामोआची फेआगाइगा स्टोवर्स २५३ किलोवर पहिली, कॅरिस्मा २४३ वर दुसरी आणि इंग्लंडची एमिली कॅम्पबेल अवघ्या एका किलोने मागे, २४२ वर तिसरी. तीच कॅरिस्मा टोकियोला ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि बर्मिंगहॅमला ऑस्ट्रेलियासाठी कांस्य घेऊन गेली. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बारा हजारांच्या देशात सराव, प्रशिक्षक, दवाखाना, नोकरी सगळं विमानाच्या अंतरावर असतं.

निर्णय असा: लिफ्ट ज्या झेंड्याखाली झाली त्या वहीत, आणि दुसऱ्या वहीत पेन्सिलीने फक्त पानाचा क्रमांक. म्हणजे स्टीफनचं बार्सिलोना सामोआच्या वहीत जाईल. सामोआवाल्या मित्रा, तयारीत राहा.

बर्मिंगहॅमचं पान छोटं आहे, पण चुटपूट लावणारं. ७६ किलोमध्ये कॅनडाची माया लेलर २२८ वर सुवर्ण, नायजेरियाची तैवो लिआदी २१६ वर रौप्य, आणि नाउरूची मॅक्झिमिना उएपा २१५ वर कांस्य. एका किलोने पदकाचा रंग बदलला. त्याच गटात आपली पूनम यादव स्नॅचमध्ये ९८ उचलून पदकाच्या रांगेत होती आणि क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकून बाहेर गेली. पूनम माझ्या वहीत नाही, पण तिच्या तीन लाल खणांशिवाय उएपाचं पान अर्धवट वाटतं, म्हणून समासात लिहून ठेवलंय.

ऑलिंपिकची बाजूही पूर्ण झाली, पण शेवटी एक पान कोरं ठेवावं लागलं. अटलांटापासून टोकियोपर्यंत प्रत्येक ऑलिंपिकला नाउरूचा निदान एक वेटलिफ्टर होता. टोकियोला नॅन्सी गेन्झेल अबूके ७६ किलोमध्ये उतरली, जोडीला १०० मीटर धावणारा जोना हॅरिस. पॅरिसला नाउरूचा एकच खेळाडू, विन्झार काकिओउआ, तोही १०० मीटरला. कारण शोधायला लांब जायला नको. रिओला वेटलिफ्टिंगच्या साधारण २६० जागा होत्या, टोकियोला १९६ आणि पॅरिसला १२०. उत्तेजकांची प्रकरणं आणि महासंघातला कारभार यांची ती शिक्षा होती. प्रकरणं प्रामुख्याने मोठ्या देशांची, जागा गेल्या त्यात बेटांच्याही. छोट्या देशांना सवलतीने जी जागा मिळते ती मग १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत. धावपटूबद्दल काही म्हणणं नाही, पण ज्या देशाने पस्तीस वर्षं बारबेलवर नाव कमावलं त्याला धावायला लावणं मला पटत नाही. लॉस एंजेलिसलाही जागा १२० च.

पुढची वही किरिबाटीची. पहिलं पान अर्थातच डेव्हिड काटोआटाऊ, २०१४ ग्लासगो, १०५ किलो, टोटल ३४८, देशाचं राष्ट्रकुलमधलं पहिलं पदक आणि तेही सुवर्ण. लिफ्टनंतरचा त्याचा नाच सगळ्यांनी पाहिलाय. रिओला तर पदकाच्या शर्यतीत नसतानाही तो नाचला, समुद्राची पातळी वाढून आपली बेटं बुडतायत याकडे लोकांनी बघावं म्हणून. नाचासाठी वहीत खण नाही. शेरा म्हणून लिहिलंय.

दोन कामं बाकी. एक, ग्लासगो २०२६ ची पानं नव्या वजनगटांनी आखून ठेवायची, पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ. स्पर्धा २३ जुलैला सुरू होते, त्याआधी ६० पासून ११० किलोवरील गटापर्यंत रेघा मारून झाल्या पाहिजेत. दुसरं, पुणे. ऑक्टोबर २००८ ला बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, त्यात वेटलिफ्टिंग होतं. आपल्या घराजवळची स्पर्धा, आणि तिचंच पत्रक मला प्रयत्नवार हवंय. नुसती क्रमवारी नको, सहाही खणं हवीत. कुणी तेव्हा स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल, पंचांच्या टेबलावर बसलं असेल किंवा स्टार्ट लिस्टवर पेनाने आकडे टिपत गॅलरीत बसलं असेल, तर तो कागद कितीही चुरगळलेला असो, फोटो काढून पाठवा.